यंत्रातला जागल्या

(द्वितीय वर्ष, कला)

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात यंत्रावरचा लेख कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. मी मराठी विषय घेऊन बी.ए. करणारी मुलगी. संगणकशास्त्राचा आणि माझा संबंध म्हणाल तर परीक्षेचा फॉर्म भरण्यापुरता. तरीही हा विषय मी निवडला, कारण तो मला पुस्तकात सापडला नाही, घरात सापडला.

आमचे अण्णा पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रात्रीचे पहारेकरी आहेत. रात्री आठला ते थेरगावातून सायकलवर निघतात, पवनेवरचा पूल ओलांडून पलीकडे जातात आणि सकाळी आठनंतर परततात. आमचे मूळ गाव माण तालुक्यातले. तिकडे ज्वारी हुरड्यात आली की रात्री शेतात जाऊन राखण करावी लागते. त्या जाग्या राखणीला ‘जागल’ म्हणतात आणि ती करणाऱ्याला ‘जागल्या’. अण्णा लहानपणी आजोबांबरोबर जागलीला जात. ते कधीकधी म्हणतात, “गावाकडं रानडुकरांसाठी जागायचो, हितं लोखंडासाठी जागतो. जागल काय सुटली न्हाई.”

गेल्या वर्षी खंडेनवमीला कारखान्याने कामगारांच्या घरच्या मंडळींना बोलावले होते. सर्व यंत्रे धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूच्या माळा घालून सजवली होती. अण्णांच्या फाटकाजवळच्या केबिनमध्ये एक संगणक आहे. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची नोंद त्यावर होते. त्यालाही हार घातला होता. अण्णांनी मला तो कौतुकाने दाखवला आणि म्हणाले, “हा रातीचा मधीच रुसतो. पडदा दिसतो, पण बोट लावलं तरी हलत न्हाई. मग मी मागचं बटण बंद करतो, धा आकडे मोजतो, पुन्हा चालू करतो. की झाला शहाणा.”

तेवढ्यात देखभाल विभागातला एक तरुण, डिप्लोमा झालेला, तिथे आला. हसत म्हणाला, “काका, आता तुमचं ते काम गेलं. हे बघा, त्याला मी राखणदार आणलाय.” त्याच्या तळहातावर काडेपेटीएवढी एक डबी होती. तिच्यातून दोन तारा निघाल्या होत्या. संगणक अडकला की ही डबीच त्याला बंद करून पुन्हा चालू करणार होती. इंग्रजीत तिला ‘वॉचडॉग’, म्हणजे राखणीचा कुत्रा, म्हणतात.

अण्णांनी ती डबी उलटसुलट करून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “आणि ह्याच्यावर कोण लक्ष ठेवतं?”

तो तरुण क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “काका, हा प्रश्न लई मोठ्या लोकांनी विचारलाय.” त्या एका प्रश्नामागे मी पुढचे काही महिने ग्रंथालयात घालवले. जे समजले ते इथे सांगते.

संगणक अडकतो म्हणजे काय होते?

आपण म्हणतो, संगणक ‘बंद पडला’. वस्तुतः पुष्कळदा तो बंद पडलेला नसतो. तो जोरात काम करीतच असतो, पण ते काम निरर्थक असते. तेल्याच्या घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी जागच्या जागी असतो, तशी त्याची गत होते. प्रोग्रॅम म्हणजे एकामागून एक करावयाच्या आज्ञांची यादी. यादीत कुठे चूक राहिली, किंवा ज्याची कल्पना केली नव्हती अशी परिस्थिती आली, तर संगणक त्याच चार आज्ञांभोवती फिरत राहतो.

दुसरा प्रकार वाट पाहण्याचा. पंगतीत दोन पाहुणे एकमेकांना “आधी तुम्ही सुरुवात करा” म्हणत बसले, तर दोघांचेही जेवण थंड होते. संगणकातही दोन कामे एकमेकांची वाट पाहत अडकतात. त्यात दोघांपैकी कोणीच चुकलेले नसते, पण काम थांबलेले असते.

तिसरा प्रकार बाहेरून येतो. औद्योगिक वसाहतीत शेजारी मोठी मोटर सुरू झाली, वेल्डिंग चालू झाले की विजेच्या दाबाला हिसके बसतात. अशा हिसक्याने चिपमधला एखादा आकडा बदलू शकतो, शून्याचा एक होतो. अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान कणांमुळेही असे घडते, म्हणून उपग्रहांना ह्याची फार काळजी घ्यावी लागते. यादीतला एक आकडा बदलला की संगणक भलत्याच पानावर जाऊन भलतीच आज्ञा वाचू लागतो.

ह्या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. अडकलेल्याला आपण अडकलो आहोत हे कळत नाही. फिरणाऱ्या बैलाच्या डोळ्यांवर झापड असते. म्हणून त्याला थांबवणारा कोणीतरी बाहेरचाच असावा लागतो. अण्णा तेच करीत होते. बटण बंद करून चालू केले की संगणकाची चालू स्मृती पुसली जाते आणि तो यादीच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो. आणि दहा आकडे मोजण्याची ती पद्धत? मला ती अंधश्रद्धा वाटली होती. पण त्यात अर्थ आहे. संगणकाच्या आत वीज साठवून ठेवणारे भाग असतात. बटण बंद केल्यावर ते रिकामे व्हायला काही सेकंद लागतात. तेवढे थांबले नाही तर जुने काहीतरी शिल्लक राहू शकते.

पण अण्णा फाटकाजवळ होते म्हणून हे जमले. जिथे माणूस नाही तिथे काय? डोंगरावरचे पाऊस मोजणारे यंत्र, धावत्या मोटारीच्या इंजिनातला छोटा संगणक, आकाशातला उपग्रह, ह्यांच्याजवळ बटण दाबायला कोण जाणार?

घटिकापात्र

आपल्याकडे पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र वापरीत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी तरंगत सोडायची. तिच्या बुडाला बारीक छिद्र. हळूहळू आत पाणी येते आणि बरोबर एका घटकेने, म्हणजे २४ मिनिटांनी, वाटी बुडते. दिवसरात्रीच्या अशा साठ घटका. आपण ‘त्याची घटका भरली’ असे म्हणतो ते ह्याच वाटीवरून.

आता कल्पना करा, की कोणी एका माणसाला सांगितले, “तू आपले रोजचे काम कर. पण अधूनमधून येऊन ही वाटी उपसून पुन्हा तरंगत ठेव. ती बुडता कामा नये.” माणूस शुद्धीवर असेल, कामाचा क्रम सांभाळून असेल, तर वाटी कधीच बुडणार नाही. पण तो झोपला, चक्कर येऊन पडला, किंवा दुसऱ्याच नादात गुंतला, तर वाटी आपोआप बुडेल. बुडालेली वाटी म्हणजे धोक्याची घंटा.

वॉचडॉग तो हाच. चिपमध्ये वाटीऐवजी एक मोजणी चालू असते. संगणकाच्या प्रोग्रॅमने ठरावीक वेळाच्या आत येऊन ती मोजणी पुन्हा शून्यावर आणायची. आणली नाही तर मोजणी शेवटापर्यंत जाते, घटका भरते आणि यंत्र संगणकाला नव्याने सुरू करते. संगणक काय काम करतो, ते बरोबर की चूक, हे वॉचडॉगला समजत नाही. समजायची गरजही नाही. तो एवढेच विचारतो, “जागा आहेस का?”

ही घटका किती मोठी असते? ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे. डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाणारी ८०५१ ही चिप इंटेल कंपनीने १९८० मध्ये काढली. तिच्यात ही सोय नव्हती. वॉचडॉग बाहेरून वेगळा जोडावा लागे. त्याच घराण्यातल्या पुढच्या एटी८९एस५२ ह्या चिपमध्ये तो आतच आहे. तो १६,३८३ पर्यंत मोजतो. नेहमीच्या वेगाने एक मोजणी सेकंदाच्या दहालाखाव्या भागात होते. म्हणजे सगळी घटका सेकंदाच्या साठाव्या भागात भरते! आर्डुइनो नावाच्या शिकाऊ बोर्डावरच्या चिपमध्ये ही मुदत सेकंदाच्या एका लहानशा अंशापासून आठ सेकंदांपर्यंत निवडता येते.

एटी८९एस५२ मधली एक गोष्ट मला फार आवडली. मोजणी शून्यावर आणायला तिथे एक आकडा पाठवून चालत नाही. आधी ३० आणि लगेच २२५ असे दोन आकडे त्याच क्रमाने पाठवावे लागतात. का? तर भरकटलेल्या प्रोग्रॅमच्या हातून चुकून एखादा आकडा तिथे जाऊ शकतो, पण नेमके ते दोन, नेमक्या त्या क्रमाने, चुकून जाणे फार कठीण. गडाच्या दरवाजावर रात्री परवलीचा शब्द विचारीत, तसाच हा प्रकार.

केबिनमधल्या डबीची मुदत त्या तरुणाने दोन मिनिटांची ठेवली. संगणकातला एक छोटा प्रोग्रॅम दर काही सेकंदांनी डबीला खूण पाठवतो. दोन मिनिटे खूण आली नाही की डबी आतल्या आत एक कळ मिटवते. तिच्या दोन तारा संगणकाच्या रीसेटच्या बटणालाच जोडलेल्या आहेत. म्हणजे डबी अण्णांचे बोट झाली. “मुदत एवढी मोठी कशाला?” असे मी विचारले. त्याने सांगितले की संगणक सुरू व्हायलाच एक मिनिट लागते. मुदत अर्ध्या मिनिटाची ठेवली तर तो उठायच्या आत डबी त्याला पुन्हा पाडील, आणि हे रात्रभर चालेल. जागे करणाऱ्याने उठायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर तो जाग आणणारा राहत नाही, छळणारा होतो.

चंद्रावरचा रात्रपहारेकरी

अण्णांना सांगायला मला सर्वांत आनंद वाटला तो पुढच्या माहितीचा. माणूस चंद्रावर ज्या अपोलो यानातून गेला, त्या यानातल्या संगणकात एक असाच राखणदार होता आणि त्याचे नाव इंजिनिअरांनी ‘नाइट वॉचमन’, म्हणजे रात्रपहारेकरी, असेच ठेवले होते! प्रोग्रॅमने स्मृतीतल्या एका ठरावीक जागेला वरचेवर हात लावून जायचे. सुमारे दोन सेकंदांत कोणी तिथे फिरकले नाही, तर पहारेकरी संगणकाला नव्याने सुरू करी. फेरीच्या वेळी भिंतीवरच्या खुणेला हात लावून पुढे जाणाऱ्या पहारेकऱ्याचेच हे रूप. हे ऐकून अण्णा म्हणाले, “म्हंजे आमचा माणूस चंद्रावर जाऊन आला तर!”

अपोलो ११ चे यान २० जुलै १९६९ रोजी उतरले. आपल्याकडे तेव्हा २१ तारखेच्या रात्रीचे पावणेदोन वाजले होते. उतरता उतरता संगणकावर १२०२ क्रमांकाचा इशारा उमटला. त्याचा अर्थ, काम हाताबाहेर चालले आहे. त्या क्षणाला उतरण्यासाठी न लागणाऱ्या एका रडारकडून येणाऱ्या खुणा संगणकाचा वेळ खात होत्या. त्या वेळी रात्रपहारेकऱ्याला उठावे लागले नाही. संगणकाच्या प्रोग्रॅमनेच बिनमहत्त्वाची कामे टाकून दिली, स्वतःला नव्याने सुरू केले आणि यान उतरवण्याचे काम जिथे होते तिथून पुढे चालू ठेवले. हे जमले, कारण मार्गारेट हॅमिल्टन ज्या तुकडीच्या प्रमुख होत्या त्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी जागोजागी खुणा ठेवल्या होत्या. पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या पायरीपासून नव्हे, शेवटच्या खुणेपासून पुढे जायचे. नुसते उठवणे पुरत नाही. उठल्यावर आपण कुठे होतो हे आठवण्याची सोयही करून ठेवावी लागते.

राखण असूनही ती कामाला न लावल्याचे उदाहरणही आहे. अमेरिकेचे क्लेमेंटाइन हे यान १९९४ मध्ये चंद्राचे नकाशे काढून पुढे एका लघुग्रहाकडे जायचे होते. ७ मे १९९४ रोजी त्याचा संगणक अडकला. अडकला तेव्हा यान वळवणारी छोटी इंजिने चालू होती आणि ती चालूच राहिली. अकरा मिनिटांत इंधन संपले आणि यान भोवऱ्यासारखे फिरत राहिले. लघुग्रहाची भेट रद्द झाली. चिपमध्ये वॉचडॉगची सोय होती, पण प्रोग्रॅममध्ये ती वापरलेली नव्हती. दावणीला कुत्रा बांधलेला, पण साखळी कोणी सोडलीच नाही!

तीनच वर्षांनी, ४ जुलै १९९७ रोजी, मार्स पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्याचा संगणक पुनःपुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. त्या वेळी मंगळापर्यंत संदेश जायलाच दहा मिनिटांहून अधिक लागत होती. तिथे बटण दाबणारे कोणी नव्हते. राखण नसती तर यान कायमचे मुके झाले असते. पण पृथ्वीवरच्या इंजिनिअरांनी “आपोआप सुरू होते आहे ना, मग झाले” असे म्हटले नाही. प्रयोगशाळेतल्या जोडयंत्रावर त्यांनी तोच बिघाड घडवून आणला आणि कारण शोधले.

कारण मोठे गमतीचे होते. एखाद्या कचेरीत साहेबांना तातडीने एक फाईल हवी आहे. फाईल शिपायाच्या हातात आहे. शिपाई निघणार, तोच मधला कारकून त्याला बाजूला सारून आपले लांबलचक काम सुरू करतो. कारकून शिपायापेक्षा वरचा, म्हणून शिपाई थांबतो, आणि शिपाई थांबला म्हणून साहेबही थांबतात. यानात साहेबांच्या जागी महत्त्वाचे नियंत्रणाचे काम होते, शिपायाच्या जागी हवामानाच्या नोंदी गोळा करणारे छोटे काम आणि कारकुनाच्या जागी संदेशवहन. उपायही तसाच साधा. ज्या वेळी साहेबांना हवी असलेली फाईल शिपायाच्या हातात असेल, तेवढ्यापुरता शिपायाला साहेबांचा मान द्यायचा. म्हणजे कारकून त्याला अडवणार नाही. ही सुधारणा पृथ्वीवरून पाठवली आणि यान नीट चालू लागले.

तात्पर्य, राखणदार वेळ मिळवून देतो, रोग बरा करीत नाही. म्हणूनच पुष्कळ चिपांमध्ये ‘शेवटचे सुरू होणे विजेमुळे की राखणदारामुळे’ ही खूण राखून ठेवलेली असते. जो नुसताच उठवतो आणि का उठवावे लागले हे विसरतो, तो अर्धा राखणदार.

आणि ह्याच्यावर कोण लक्ष ठेवतं?

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येते. राखणदारालाच झोप लागली तर?

पहिले उत्तर असे, की राखणदार राखल्या जाणाऱ्यावर अवलंबून नसावा. संगणकाचे ठोके देणारे घड्याळ बंद पडले आणि वॉचडॉग त्याच घड्याळावर चालत असेल, तर दोघेही एकदम झोपतील. म्हणून चांगल्या चिपमध्ये वॉचडॉगला स्वतःचे निराळे छोटे घड्याळ असते. शिवाय तो जितका साधा, तितका बरा. ज्याच्यात बिघडण्यासारखे थोडे, तो थोडाच बिघडतो.

दुसरे उत्तर मला आजीमुळे कळले. आजी गोष्ट सांगायची तेव्हा “हूं” म्हणावे लागे. हुंकार थांबला की पोर झोपले असे समजून ती गोष्ट थांबवी. पण आम्ही भावंडे इतकी पटाईत झालो होतो की अर्धवट झोपेतही “हूं, हूं” चालू असे. आजी मग अचानक विचारी, “मग राजा कुठं गेला?” की आमची चोरी पकडली जाई.

संगणकातही असे होते. आळशी प्रोग्रॅम लिहिणारा मोजणी शून्यावर आणण्याचे काम एका आपोआप चालणाऱ्या ठोक्यावर सोपवून मोकळा होतो. मुख्य काम कधीचे अडकलेले असते, पण ठोका आपला “हूं, हूं” करीत राहतो आणि राखणदार समजतो, सर्व आलबेल आहे. म्हणून हुंकार मुख्य कामाच्या वाटेवरूनच यायला हवा, तोही सर्व महत्त्वाची कामे झाल्याची खात्री करून. काही वॉचडॉग तर असे असतात की खूण उशिरा आली तरी चुकले आणि फार लवकर आली तरी चुकले, कारण वेड्यासारखा भराभर हुंकार देणाराही शुद्धीवर नसतो. मोटारींत वापरल्या जाणाऱ्या काही वॉचडॉगांची रीत तर हुबेहूब आजीची. ते दर वेळी वेगळा प्रश्न टाकतात आणि बरोबर उत्तर आले तरच गप्प बसतात. चाकणच्या पट्ट्यात गाड्या बनतात हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या गाड्यांच्या इंजिनात असे डोळ्यांत तेल घालून बसलेले जागले असतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

तिसरे उत्तर आपल्या पुणे-लोणावळा मार्गावर रोज धावते. रेल्वेच्या इंजिनात चालकावर लक्ष ठेवणारे एक उपकरण असते. चालकाने सुमारे एक मिनिटभर काहीच केले नाही, म्हणजे वेग बदलला नाही, भोंगा वाजवला नाही, ब्रेकला हात लावला नाही, की आधी एक दिवा लुकलुकतो. तरी हालचाल नाही, तर काही सेकंदांनी कर्कश आवाज होतो. चालकाने नुसते बटण दाबले तरी उपकरण शांत होते. तेही झाले नाही, तरच गाडीला ब्रेक लागतात. लोकलमध्ये चालकाला एक मूठ दाबूनच धरावी लागते. हात सुटला की गाडी थांबते.

इथे क्रम बघण्यासारखा आहे. आधी दिवा, मग आवाज, आणि सर्वांत शेवटी ब्रेक. रेल्वेने चालक झोपला असे पहिल्याच क्षणी गृहीत धरलेले नाही. आधी त्याला दोनदा विचारले आहे.

माणसाची घटका

इथवर लिहून हा लेख संपवता आला असता. पण ह्या पावसाळ्यात आमच्या घरी एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय तो पुरा होणार नाही.

अण्णांना दर तासाला कारखान्याभोवती फेरी मारावी लागते. पूर्वी पहारेकऱ्यांच्या गळ्यात कुलूपबंद घड्याळ असे आणि ठिकठिकाणी साखळीला बांधलेली किल्ली त्यात फिरवली की आतल्या कागदावर खूण उमटे. आता हातात एक छोटे यंत्र असते आणि ते भिंतीवरच्या बटणाएवढ्या चकत्यांना टेकवायचे असते. कोणती चकती किती वाजता टेकली ह्याची नोंद होते. म्हणजे अण्णा रात्रभर संगणक राखतात आणि अण्णांना हे यंत्र राखते. नाइट वॉचमनची सारी रीत तीच.

श्रावणातल्या एका रात्री त्यांना ताप भरला. दोन आणि तीनच्या फेऱ्या चुकल्या. केबिनमध्ये खुर्चीवर ते थरथरत बसून होते. यंत्राने आपले काम चोख केले, दोन फेऱ्या चुकल्याची नोंद केली. पण ती नोंद कोणी वाचली? सकाळी दहाला, कचेरी उघडल्यावर. रात्री दोन ते सकाळी दहा, कोणी विचारले नाही की म्हातारा बरा आहे का. महिनाअखेर पगारातून दोन दिवसांची रक्कम कापली गेली. कारण लिहिले होते, ‘कामावर झोप’.

अण्णा चिडले नाहीत. त्यांना फक्त ‘झोप’ ह्या शब्दाचे वाईट वाटले. उभ्या आयुष्यात जागल केलेल्या माणसाला झोपाळू म्हणणे म्हणजे काय, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मी तोवर वॉचडॉगविषयी बरेच वाचले होते. माझ्या मनात आले, डोळ्यांसमोरच्या त्या संगणकावर आपण केवढी दया करतो! तो अडकला तर त्याला कोणी दोष देत नाही. दोन मिनिटांत त्याच्या मदतीला डबी धावते. मंगळावरचा अडकला तर का अडकला हे शोधायला प्रयोगशाळा बसते. आणि माणूस अडकला तर? तिथे राखणदाराच्या दोन तारा मदतीकडे जात नाहीत, थेट पगाराच्या वहीकडे जातात.

आमच्या घरात अर्ज लिहिता येणारी मीच पहिली. त्या रात्री मी अण्णांच्या वतीने अर्ज लिहिला. रडगाणे लिहिले नाही. रेल्वेच्या उपकरणाची रीत लिहिली. आधी दिवा, मग आवाज, मग ब्रेक. शेवटी एवढीच विनंती केली, की फेरी चुकल्याची खूण रात्रीच कोणाला तरी कळावी आणि पगार कापण्याआधी पहारेकऱ्याला एकदा फोन करून विचारावे. वॉचडॉगचा खरा उपयोग चूक पकडण्यात नाही, अडकलेल्याला वेळेवर उठवण्यात आहे, हेही लिहिले. अण्णांनी तो मला दोनदा वाचून दाखवायला लावला आणि सही केली. त्यांना सहीपुरते लिहिता येते.

कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. हे स्पष्ट सांगितलेले बरे. पण दिवाळीनंतर एक बदल झाला. आता फेरी चुकली की पंधरा मिनिटांत केबिनमधला फोन वाजतो. दुसऱ्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला तशी खूण मिळते आणि तोच फोन करतो. म्हणजे जागल्यावर लक्ष ठेवायला दुसरा जागल्या नेमला गेला. अण्णांच्या प्रश्नाचे चौथे उत्तर हेच असावे.

परवा सकाळी अण्णा घरी आले ते हसतच. म्हणाले, “काल रातीला चहा पीत बसलो, फेरीला उशीर झाला. तर फोन वाजला.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारले.

“म्हणलं, जागा हाय. तू?”